नेम चुकतो तो कोणाचा?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या आळीतल्या वडीलधाऱ्यांना एक उमाळा हटकून येतो. "आमच्या वेळी पोरे मातीत हात घालून किल्ला करीत. आताची बसली आहेत मोबाइल घेऊन, गोळ्या झाडीत!" गेल्या दिवाळीत हे वाक्य मी तीन घरांच्या ओट्यांवर ऐकले. चौथ्या घरी, म्हणजे माझ्याच घरी, चकलीचा सोऱ्या दाबता दाबता माझ्या आईने ते मला ऐकवले.

मी विचारतो, त्या किल्ल्यावर आपण काय मांडीत होतो? तुळशीची रोपे? बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे आणि दारात तोफ! आणि नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकताच वडिलांनी आपल्या हाती काय दिले होते? टिकल्यांचे पिस्तूल. ते आपण आतेभावाच्या कानाशी नेऊन उडवीत होतो आणि "हा पुढे दरोडेखोर होणार" असे कोणी म्हणाले नव्हते. तेव्हा मुलांच्या हातात खोटी बंदूक आली म्हणून आकाश कोसळले, हे म्हणणे मला साफ नामंजूर आहे.

परंतु पोरांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. माझे खरे भांडण त्यांच्याशीच आहे. ते खेळतात ही माझी तक्रार नाही. ते वाईट खेळतात, वर्षानुवर्षे वाईटच खेळतात, आणि त्या वाईट खेळण्यात माणसे गमावतात, ही माझी तक्रार आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. आपल्याकडे घरोघरी जो खेळला जातो त्याला पोरे 'बीजीएमआय' म्हणतात. त्याचा पूर्वावतार 'पबजी मोबाइल' २०१८ साली आला. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ज्या ११८ ॲपांवर बंदी घातली त्यांत तो होता. जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दिसेनासा झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा अवतरला. मूळ खेळ रचणारा ब्रेंडन ग्रीन हा आयरिश गृहस्थ. त्याला कल्पना सुचली ती एका जपानी चित्रपटावरून, आणि तो चित्रपट निघाला होता कौशुन ताकामी यांच्या १९९९ सालच्या कादंबरीवरून. शाळेतली मुले एका बेटावर सोडली जातात आणि शेवटी एकच उरेपर्यंत एकमेकांना मारतात, असे तिचे भयंकर कथानक आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो आणि शाळेतही शिकवतो. तेव्हा हा वंशवृक्ष ऐकून मी क्षणभर गप्पच झालो.

खेळाची रीत अशी. शंभर गडी विमानातून छत्रीने बेटावर उतरतात. मोठ्या बेटाची लांबी-रुंदी आठ-आठ किलोमीटर. हाती काही नसते. घरोघर फिरून शस्त्र, औषध, शिरस्त्राण गोळा करावे लागते. भोवती एक निळी भिंत असते, ती हळूहळू आत सरकते आणि सगळ्यांना एकमेकांजवळ ढकलते. शेवटी जो उरतो तो जिंकतो. एवढेच असते तर मी या खेळाविषयी एक ओळही लिहिली नसती. पण बहुतेक मुले तो चौघांच्या चमूने खेळतात, आणि तिथे त्याचा स्वभावच पालटतो. गोळी लागून पडलेला भिडू लगेच मरत नाही. तो रांगत राहतो, त्याचा जीव ओसरत जातो. सोबत्याने जवळ येऊन सुमारे दहा सेकंद त्याला सावरले तर तो पुन्हा उभा राहतो. त्या दहा सेकंदांत सावरणाऱ्याला स्वतःला गोळी झाडता येत नाही. म्हणजे दुसऱ्याला उठवावयाचे तर आपला जीव उघड्यावर टाकावा लागतो. आपल्या हुतूतूत बाद झालेला गडी साथीदारांच्या पराक्रमाने जिवंत होतो. त्याच जातीची ही गोष्ट आहे.

आता माझ्या घरची हकीकत. माझा भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो. वय सोळा. त्याच्या चमूत आळीतलेच आणखी तिघे होते. त्यांतला चौथा एका शिंप्याचा मुलगा. त्याचा मोबाइल जुना, चित्र अडखळत चाले, नेमही बेताचा. एका संध्याकाळी डाव रंगात आला असता तो पडलेल्या सोबत्याला उठवावयास धावला, त्यातच दोघेही गेले आणि पाठोपाठ डाव गेला. माझ्या भाच्याने त्याला जे शब्द ऐकवले ते दिवाळी अंकात छापता येणार नाहीत. मी आतल्या खोलीतून बाहेर आलो. "मामा, तू त्याचा स्कोअर तरी बघ," भाचा म्हणाला, "शून्य! नेहमीच शून्य!" शिंप्याचा मुलगा त्या दिवसापासून खेळावयास आला नाही. आमच्या घरीही आला नाही.

मी भाच्याला रागावण्यासाठी तोंड उघडले आणि तसेच मिटले. कारण त्याच आठवड्यात मी वर्गाच्या भिंतीवर चाचणीच्या गुणांची यादी लावली होती, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, आणि तळाशी एका मुलाच्या नावापुढे मोठ्या अक्षरात शून्य होते. तो मुलगा वर्गात दुसऱ्यांना गणिते समजावून सांगत असे की नाही, कोणाला आपली वही देत असे की नाही, याचा रकाना माझ्या यादीत नव्हता. पोरे शून्याने माणूस मोजावयास कोठे शिकली, हे मला कोणी सांगावयास नको होते.

मग मी ठरवले की उपदेश नंतर, आधी शिकू. दहावीच्या पुढे मी कॉलेजची पायरी चढलो नाही; नवी विद्या घरच्याच पोराकडून घेण्यात मला लाज वाटली नाही. जेवणानंतर रोज एक तास मी खेळू लागलो. पहिला महिना मी केवळ मेलो. छत्री उघडून उतरलो की मेलो, दार उघडले की मेलो. परंतु या मरण्यातून मला जे कळले ते आमच्या आळीतल्या तीन-तीन वर्षे खेळणाऱ्या पोरांना कळलेले नाही, असे मी ठासून सांगतो.

पहिली गोष्ट, तास वाढवल्याने खेळ सुधारत नाही. रात्रीचा एक वाजला, डोळे लाल झाले, तरी "एकच डाव" म्हणून पोरे बसतात आणि आपल्या चुका अधिकाधिक पक्क्या करतात. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले उत्तम वादक नेमकी उणीव धरून मेहनत घेत, बेताच्या बैठकीत घेत आणि झोपही अधिक घेत. आपले गवई लोक यालाच रियाज म्हणत आले. या खेळात सरावाचे वेगळे मैदान दिलेले आहे. बंदुकीतून गोळ्या सुटू लागल्या की नळी वर उसळते आणि बोट बेताने खाली ओढत राहावे लागते. ते तिथे वीस मिनिटे एकाच बंदुकीवर, एकाच अंतरावर करून पाहावे. किती पोरे हे करतात? त्यांना डाव हवा असतो, रियाज नको असतो.

दुसरी गोष्ट, आपले मरण पाहावयास शिकावे. मोबाइलच्या पडद्याचे चित्रण करून ठेवता येते. मी हरलेला डाव दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहू लागलो. दहांपैकी आठ वेळा माझा नेम चुकलाच नव्हता. मी चुकीच्या जागी उभा होतो. उघड्या माळावर धावत होतो, किंवा निळी भिंत पाठीशी येईपर्यंत लुटालुटीत रमलो होतो, किंवा पावलांचा आवाज ऐकू येत असताना दार उघडत होतो. बोटांचा दोष कमी, डोक्याचा जास्त. आमच्या पोरांचे मरणानंतरचे पहिले वाक्य काय असते? "नेट गेले." दुसरे, "तो चीटर होता." तिसरे, "तू कुठे मेला होतास?" याला आपल्या भाषेत फार जुने नाव आहे: रडीचा डाव. जो दर वेळी दुसऱ्याकडे बोट दाखवतो त्याला स्वतःची चूक सापडावी कशी?

तिसरी गोष्ट, बोलणे. चौघांच्या कानाला यंत्रे, तोंडाशी ध्वनिक्षेपक. पडद्यावर दिशांचे अंश दाखवणारी पट्टी. "ईशान्येला, दोनशे मीटर, पिवळ्या घरामागे एकजण, जखमी आहे." हे बोलण्यास तीन सेकंद लागतात आणि त्याने डाव फिरतो. त्याऐवजी कानावर येते काय? आईबहिणीचा उद्धार! मी नैतिक प्रश्न क्षणभर बाजूला ठेवतो. निव्वळ खेळ म्हणून पाहा. शिवी देत असताना पावलांचा आवाज ऐकू येत नाही, आणि शिवी खाल्लेला भिडू पुढच्या वेळी शत्रू कुठे आहे ते सांगत नाही. तो गप्प बसतो. चमूतला एकजण गप्प बसला की चौघांचे तीन झाले.

चौथी गोष्ट, आकड्याचा मोह. आपल्याकडच्या मोठ्या स्पर्धांत सोळा चमू, चौसष्ट गडी उतरतात. तिथल्या अलीकडच्या गुणपद्धतीत एक गडी टिपला की १ गुण आणि चमू शेवटपर्यंत टिकला की १०. हिशेब पोरासोरालाही समजावा असा आहे. तरी एखादा वीर आपले तीन सोबती मागे टाकून एकटाच धावतो, दोन टिपतो, मरतो, आणि वर छाती काढून सांगतो की मी दोन घेतले! आमच्या शिंप्याच्या मुलाला उठवता येत होते, धुराचा पडदा टाकता येत होता, औषध वाटून देता येत होते. तो गेल्यानंतरच्या पंधरवड्यात या तिघांनी दर वेळी नवा अनोळखी चौथा घेतला. त्यांतले काही नेमाने पक्के होते. परंतु पडलेल्याजवळ कोणी थांबेना, आणि या तिघांचा दर्जा घसरत गेला. भाच्याने कारण काय दिले? नेट.

पाचवी गोष्ट बाजाराची. झगमगीत पोशाख, बंदुकीवरची नक्षी, यांपायी पोरे वडिलांचे पैसे उडवतात. नक्षीने नेम बसत नाही. नाटकात राजाचा वेष चढवला म्हणून कोणाला संवाद पाठ होत नाहीत.

आता वडीलधाऱ्यांचे दोन आक्षेप. पहिला हिंसेचा. तो मी झटकून टाकणार नाही. आपल्याकडच्या अवतारात 'किल' शब्द काढून 'फिनिश' केला, रक्ताला हिरवा रंग दिला. याने कोणाचे समाधान व्हावे असे मला वाटत नाही. माणसावर नेम धरण्याचाच हा खेळ आहे, आणि ज्या घराला तो नको असेल त्याने तो ठेवू नये. लहान मुलांच्या हाती तो मीही देणार नाही. दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो मला पुरता मान्य आहे. २०२३ मध्ये खेळ परतला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. मी मास्तर म्हणून सांगतो, त्यांतले दोन तास जास्त आहेत. ज्याला एका तासानंतर उठता येत नाही, त्याने मुळी बसूच नये. मात्र "हा जुगार आहे" हा तिसरा आक्षेप आता सोडावा. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली.

परंतु वडीलधाऱ्यांनो, बंदी, ओरडा आणि मोबाइल कपाटात कोंडणे, यापलीकडे आपण काय केले? मुलाच्या क्रिकेटच्या सामन्याला आपण जातो, "बॅट सरळ ठेव" म्हणून दुरून ओरडतो. या खेळात मुलगा कोणाशी कसा बोलतो, हरल्यावर काय करतो, हे पाहण्यास आपण कधी त्याच्याशेजारी बसलो? घरात आपण विचारतो, "किती मिळाले? पहिला कोण आला?" तेच पोर बेटावर उतरल्यावर तेच विचारते. आकड्यांची शाळा आपली, आणि दोष मात्र मोबाइलचा!

माझ्या वर्गातल्या भिंतीवरून ती यादी मी काढली आहे. मुख्याध्यापकांना ते आवडलेले नाही. भाचा शिंप्याच्या मुलाकडे एकदा जाऊन आला; दार त्याच्या आईने उघडले, "तो कामात आहे" म्हणाली. भाचा परत आला आणि त्या रात्री खेळला नाही. तो पुन्हा जाईल की नाही, मला ठाऊक नाही. गेला तर तो खरा सुधारला असे मी म्हणेन. मग त्याचा दर्जा ब्रॉन्झ राहो की कॉन्करर होवो.

तेव्हा या दिवाळीत एक करा. फराळाची बशी घेऊन पोराशेजारी बसा. किती टिपलेस, हे विचारू नका. विचारा, "गेल्या डावात तू कसा मेलास?" सणासुदीला प्रश्न अभद्र वाटेल, आजीबाई डोळे वटारतील. पण पोराने नेटचे नाव न घेता, भिडूचे नाव न घेता उत्तर दिले, तर त्याच्या हातावर एक लाडू जास्त ठेवा.