गोळी कुणाला हवी?

जीवनसत्त्वांच्या डब्या औषधाच्या दुकानात दर्शनी फळीवर, आणि चालायचे बूट घरात माळ्यावर! पुरावा मात्र बुटांच्या बाजूने आहे. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व दिलं गेलं. २०१८च्या निष्कर्षांत कर्करोग किंवा हृदयविकारात लक्षणीय घट दिसली नाही. याउलट २००६च्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा धोका आहार आणि व्यायामाने २८.५ टक्क्यांनी उतरला, जवळपास मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाइतकाच.

मग शाकाहाऱ्यांनी ब-१२ आणायचं कुठून? प्रश्न रास्त आहे. डाळी-भाज्यांत ते नसतं, दूध-दह्यातलं अनेकांना पुरत नाही. रक्ततपासणीत कमतरता दिसली तर गोळी घ्यावीच, पण डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. शेजाऱ्याची डबी बघून नव्हे.