शपथेनंतरचा तिसरा दिवस

सातारा-सांगलीच्या गावांत पिणारा माणूस गेला की 'पिऊन मेला' म्हणतात आणि विषय तिथंच मिटतो. दारू सोडताना मेला, असं मात्र कुणी म्हणत नाही. असे मृत्यू होतात. रोज पिणारा माणूस बायकोच्या डोळ्यांतलं पाणी बघून, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून, नाहीतर गळ्यात माळ घालून एका सकाळी पिणं थांबवतो. दुसऱ्या दिवशी त्याला फिट येते, तिसऱ्या दिवशी तो बरळायला लागतो, आणि आठवड्याच्या आत घरासमोर माणसं जमतात. जमलेले आपण म्हणतो, शेवटी दारूनंच नेला. दारूनं नेला हे खरंच आहे. पण तो सुटायला निघाला होता तेव्हा नेला, आणि त्या चार दिवसांत आई-बाप, भाऊबंद, सरपंच, महाराज, गावचा डॉक्टर असे सगळे त्याच्याभोवती उभे होते. या मरणात आपला सगळ्यांचा हात आहे, असा माझा स्पष्ट आरोप आहे.

काय घडतं ते आधी नीट समजून घेऊ, कारण आपल्या अज्ञानानंच हा घात केला आहे. दारू मेंदूला गुंगी आणते. रोज, वर्षानुवर्षं ती पोटात जात राहिली की त्या गुंगीतही शरीर चालू ठेवण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकदम तोडली की गुंगी जाते, वाढलेली उत्तेजना मात्र तशीच राहते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते, झोप उडते. बहुतेकांचा त्रास पाच-सात दिवसांत ओसरतो. पण काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आणि त्यातल्याही काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान डेलिरियम ट्रेमेन्स होतो. दिवस की रात्र ते कळत नाही, समोरची बायको ओळखू येत नाही, अंथरुणावर मुंग्या नाहीतर साप दिसतात. ताप चढतो, नाडी पळत सुटते. आणि हात कामाला लागतात. ट्रॅक्टरवाला हवेत स्टेअरिंग फिरवतो, गिअर टाकतो. ऊसतोडणीचा माणूस खाटेवर उठून बसतो, डाव्या मुठीत न दिसणारा ऊस धरतो आणि उजव्या हातानं कोयता चालवत राहतो, वाकून, तासन् तास, घामानं निथळत. पूर्वी उपचार नव्हते तेव्हा अशा अवस्थेतल्या शंभरातले पंधरा ते पस्तीस जण दगावत. आज वेळेवर दवाखान्यात नेलं तर पाचसुद्धा दगावत नाहीत.

म्हणजे हे मरण टाळता येतं. आणि आपण काय करतो? 'बाहेरचं झालंय' म्हणतो. देवऋषी बोलावतो, अंगारा लावतो, लिंबू उतरवून टाकतो. फिट आली की नाकाला कांदा नाहीतर चप्पल लावतो. जास्तच धडपड करायला लागला तर चऱ्हाटानं खाटेला बांधतो आणि 'दारूचं भूत उतरतंय, उतरू द्या' म्हणत दार लावून घेतो. ज्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धेविरुद्धची लढाई आणि व्यसनमुक्तीचं काम ही दोन्ही कामं उभी केली, 'परिवर्तन'सारखी संस्था काढली, त्याच साताऱ्याच्या वाड्यावस्त्यांवर हे चालतं. त्यांनी ही दोन्ही कामं एकाच आयुष्यात का केली, हे त्या खाटेशेजारी उभं राहिलं की लगेच कळतं.

आपल्याकडे दारू सोडण्याचा सगळा भार शपथेवर टाकलेला आहे. गटारीला पोट फुटेस्तोवर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा, याला आपण धर्म म्हणतो. ज्याचं पिणं अधूनमधूनचं आहे त्याला श्रावण सोसतो. ज्याचा दिवसच नव्वद घेतल्याशिवाय सुरू होत नाही, त्याच्यासाठी तीच सकाळ जिवावरची ठरू शकते. माळ घालून, वारीला जाऊन कायमचे सुटलेले लोक आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण जो सुटला नाही, तिसऱ्या दिवशी थरथरत्या हातानं पुन्हा गुत्त्यावर गेला, त्याला आपण 'माळ बाटवली' म्हणून वाळीत टाकतो. त्याचं शरीर त्या वेळी काय मागत होतं हे विचारायची आपली तयारी नसते. 'मर्द असशील तर सोडून दाखव' हे वाक्य ऐकून घरात कोंडून घेतलेली माणसं मेली आहेत. ते वाक्य बोलणारे पारावर बसलेले आहेत, आणि त्यांना आपण काय केलं याची कल्पनाही नाही.

सगळे पिणारे एका मापात घालणं ही दुसरी चूक. लग्ना-वरातीत किंवा रविवारी एखादा पेग घेणारा माणूस आज संध्याकाळपासून थांबला तरी त्याला सहसा काही होत नाही. त्यानं थांबावंच. पगार झाला की चार-पाच दिवस सलग पिणारा, मग महिनाभर हात न लावणारा माणूस 'रोजचा नाही' म्हणून आपण निर्धास्त असतो. पण त्या सलग पिण्यानंतरही अंग थरथरू शकतं, फिट येऊ शकते. रोज क्वार्टर लागणाऱ्याचं गणित वेगळं. १८० मिलीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे जवळजवळ ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. एवढं रोज घेणाऱ्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय एकदम थांबू नये. सकाळी उठल्याउठल्या थरथर थांबवायला ज्याला घ्यावी लागते, सोडताना ज्याला एकदा फिट आलेली आहे किंवा जो बरळला आहे, ज्याला कावीळ आहे, पोटात पाणी झालंय, वय झालंय, जो झोपेच्या गोळ्याही खातो, त्यानं घरी प्रयोग करूच नये. त्याला दवाखान्यात भरती करायचं. आणि असा माणूस प्रत्येक वेळी सोडतो-धरतो तेव्हा पुढची खेप आधीपेक्षा जड जाण्याची शक्यता असते. 'मागच्या वेळी निभावलं होतं' हा भरवसा म्हणूनच खोटा आहे.

आता समाजसुधारकाच्या तोंडी न शोभणारं एक वाक्य मी जाणूनबुजून लिहितो. अशा माणसाला अंग थरथरू लागलं असेल आणि डॉक्टर अजून दूर असेल, तर तोवर त्याची दारू एकदम तोडू नका. बाटली फोडून त्याला खोलीत कोंडू नका. कमी करत करत, सोबत राहून, त्याच दिवशी त्याला डॉक्टरपर्यंत न्या. हे वाचून मला दारूचा कैवारी म्हणणारे निघतील. त्यांनी एकदा सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात जावं. पाय मोडला म्हणून आणलेला, रोज पिणारा माणूस ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी पट्ट्या ओढून काढतो आणि खाटेवरून उडी मारतो. कारण भरती करताना 'पितो का' या प्रश्नाला घरच्यांनी अब्रूपायी 'नाही' म्हणून सांगितलेलं असतं. ही अब्रू आपण त्यांना शिकवलेली आहे.

दवाखान्यातला उपचार काही गूढ नाही. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोरॅझेपाम यांसारखी औषधं सुरुवातीला पुरेशा मात्रेत देऊन पाच-सात दिवसांत उतरवत बंद करायची. मेंदू शांत ठेवून त्याला दारूविना जगायला वेळ द्यायचा. हीच औषधं मेडिकलमधून आणून घरी दारूबरोबर घेतली तर श्वास बंद पडू शकतो, म्हणून ती डॉक्टरच्या नजरेखालीच. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, तेही इंजेक्शननं. गावात 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' हा हुकूम सर्रास सुटतो. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर वर्षानुवर्षं पोटभर न जेवलेल्या पिणाऱ्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. स्मरणशक्ती जाते ती परत येईलच असं नाही. इंजेक्शन स्वस्त आहे. ते आधी न देणाऱ्या डॉक्टरला मी निर्दोष समजत नाही.

आणि ते 'नकळत दारू सोडवा' वालं औषध. एसटी स्टँडच्या भिंतीवर त्याची जाहिरात असते, बायका कर्ज काढून पुडी आणतात आणि आमटीत कालवतात. अशा पुडीत नेमकं काय आहे हे घेणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही. डायसल्फिरामसारखं औषध नवऱ्याला न सांगता दिलं आणि तो त्यावर प्यायला, तर तोंड लाल होऊन रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. त्या बाईला मी दोष देत नाही. तिच्याकडे दुसरा रस्ता आपण ठेवलाच नाही. दोष पुडी विकणाऱ्याचा आणि ती भिंत रोज वाचत पुढं जाणाऱ्या आपला.

दारूविरुद्ध लढायचा वारसा या मातीला नाही असं नाही. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांनी १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला. सातारा-सांगली एकच जिल्हा होता तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगावच्या भट्ट्या मोडल्या. पुढं बायकांना कायद्यानं हक्क मिळाला: गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. या लढ्यांना मी नमस्कार करतो, आणि तरीही विचारतो: दुकानाला कुलूप लागलं त्याच्या दुसऱ्या सकाळी, त्या दुकानावर जगणाऱ्या थरथरत्या माणसांचं आपण काय केलं? मिरवणूक काढली, गुलाल उधळला, आणि ते हातभट्टीच्या शोधात शेजारच्या गावाला चालत गेले. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण मेले. पुरवठा तोडणं आणि माणूस सोडवणं ही दोन कामं आहेत. पहिलं करून दुसरं टाकून देणं हा निर्दयपणा आहे.

पैसा कमावताना मात्र आपण मागं राहिलो नाही. साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल होतं, त्याचा हिशेब वार्षिक सभेत टाळ्या घेतो. द्राक्षाला भाव मिळावा म्हणून पलूसला वाइन पार्क उभारलं. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हाही शेतकऱ्याचंच नाव पुढं केलं. शेतकऱ्याला पैसा मिळावाच. पण बाटलीतून येणाऱ्या पैशावर शाळा, पतसंस्था, निवडणुका चालवणाऱ्यांनी त्याच ऊसकऱ्याच्या पोरासाठी एक खाट राखून ठेवली नसेल, तर त्यांना व्यसनमुक्तीच्या व्यासपीठावर बसण्याचा अधिकार नाही. देशपातळीवरच्या २०१९ च्या पाहणीत आढळलं, की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसलाही उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार १८० तल्या एकाला. उरलेले कुठं आहेत? शपथ घेत आहेत, मोडत आहेत. काही जण अशा 'केंद्रां'त आहेत जिथं मारहाण हाच उपचार समजतात, जिथं पायात साखळी असते. मनोरुग्णाला साखळी घालायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी केली आहे, आणि दारूमुळे होणारे मानसिक विकार त्याच कायद्यात येतात. अशा दारातून आपला माणूस आत ढकलून 'काय करायचं ते करा, पण सुधारा' म्हणून पैसे मोजणारा बापही त्या साखळीचा मालक आहे.

मिरजेला उपचारासाठी परराज्यांतून रोगी येतात. सांगलीत वसंतदादा पाटलांच्या नावाचं, साताऱ्यात क्रांतिसिंहांच्या नावाचं सरकारी रुग्णालय आहे. तिथल्या मनोविकार विभागात जायला लाजू नका. फोनवर विचारायचं तर टेलि-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे क्रमांक आहेत. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा, आणि रोज पितो, शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरला खरं सांगा. अंग सावरलं की खरं काम सुरू होतं. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधं, समुपदेशन, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा. ते महिन्या-वर्षांचं काम आहे, आणि त्यात घसरणही होते. घसरला म्हणून दार लावू नका.

पुढच्या ग्रामसभेत बाटली आडवी करायचा ठराव येईल तेव्हा त्याच कागदावर दुसरा ठराव लिहा. आशाताईंनी घरोघर जाऊन, सकाळी ज्यांना घ्यावी लागते त्यांची यादी गुपचूप करायची. प्राथमिक आरोग्य केंद्रात थायमिनचं इंजेक्शन आहे का ते बघायचं. दुकान बंद व्हायच्या आधीच्या आठवड्यात त्या माणसांना रुग्णालयात पोचवायला गाडी कुणाची, हे नावानिशी ठरवायचं. कारखान्याच्या वार्षिक सभेत डिस्टिलरीचा नफा वाचून झाला की कुणीतरी उभं राहून त्या गाडीच्या डिझेलचे पैसे मागायचे. सभेत आरडाओरडा होईल, माइक काढून घेतील. मागायचेच.