केबल आवळून ब्रेक लागत नसतात

गेल्या पावसाळ्यात आई-बाबांना घेऊन जेजुरीला निघालो होतो. दिवे घाटात नेहमीप्रमाणे ट्रॅफिक जॅम. ऐन चढावर गाडी थांबली, मी हँडब्रेक ओढला आणि पाण्याच्या बाटलीकडे हात नेला... तर गाडी हळूच मागे! मागे टेम्पो, अंतर जेमतेम चार फूट. पाय ब्रेकवर आदळला आणि गाडी थांबली.

"काय रे, गाडी मागं गेली का?" आईने विचारलं.
"छे, तुला वाटलं असेल."

साफ खोटं बोललो. हाताला घाम फुटला होता.

गंमत म्हणजे तीनच आठवड्यांपूर्वी सर्व्हिसिंग झालं होतं. घरी येऊन बिल शोधलं. त्यात 'रिअर ब्रेक क्लीनिंग ॲण्ड ॲडजस्टमेंट' अशी ऐटबाज ओळ, पुढे रक्कम, वर टॅक्स. म्हटलं, बघूया तरी काय क्लीन केलंय. पुढच्या शनिवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागचं चाक काढलं. ड्रम गंजून असा बसलेला, की अर्धा तास हलेना. निघाला तेव्हा आत काळ्या भुकटीचा थर, लायनर संपत आलेलं आणि ॲडजस्टर गंजून जाम. हा ड्रम कित्येक महिन्यांत कुणी उघडलाच नव्हता. केलं काय होतं, तर हँडब्रेकची केबल आवळून दिली होती!

आपल्या धंद्यात याला बग फिक्स करणं म्हणत नाहीत, एरर मेसेज लपवणं म्हणतात. शू झिजले की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते भरून काढायचं काम आतल्या ॲडजस्टरचं. तो जाम झाला की लिव्हर वरपर्यंत येतो, पायाखालचं पेडलही खोल जायला लागतं. (माझं जात होतं. मला त्याची सवय झाली होती!) अशा वेळी नुसती केबल आवळली की लिव्हर पुन्हा कडक लागतो, गिऱ्हाईक खूष. आतला रोग तसाच.

मागच्या ब्रेकच्या नशिबी हे दुर्लक्ष येतं त्याला कारण आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम. मागचे शू सावकाश झिजतात, ड्रमच्या आत दडलेले असतात, बाहेरून दिसत नाहीत. जे दिसत नाही ते कोणी बघत नाही.

तर माझं मत असं, की मागचे ड्रम ब्रेक आपण घरी बदलायला शिकावं. पैसे वाचवायला नव्हे बरं का. पहिल्या खेपेला हत्यारांवरच गॅरेजच्या मजुरीपेक्षा जास्त खर्च होतो. शिकायचं ते एवढ्यासाठी, की ड्रम खरंच उघडला गेला हे निदान एका माणसाला नक्की माहीत असावं.

"ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ, तज्ज्ञांवर सोड," असं माझा रूममेट म्हणाला होता. मुद्दा अगदी बरोबर आहे, फक्त तज्ज्ञाने ड्रम उघडला नव्हता. आणि जिवाशी खेळ आहे म्हणूनच यात जुगाड चालत नाही. हत्यारांतच बघा. गाडीसोबत आलेला जॅक फक्त चाक बदलण्यापुरता. काम करताना गाडी जॅक स्टँडवरच टेकलेली हवी. विटा, ठोकळे अजिबात नाहीत. बाकी टॉर्क रेंच, चांगली पक्कड, गॉगल, मास्क, ब्रेक क्लीनरचा कॅन. माझी बरीचशी खरेदी बोहरी आळीत झाली, शू नाना पेठेतून आणले.

जागा सपाट हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून अडसर लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेक मात्र सोडा, नाहीतर ड्रम निघणार नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. अडकलेल्या ड्रमवर हातोडा घेऊन तुटून पडू नका. बऱ्याच ड्रमना दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने फिरवत गेलं, की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. मी हे अर्धा तास ठोकाठोकी केल्यावर मॅन्युअलमध्ये वाचलं. आधी मॅन्युअल वाचायचं नाही, ही इंजिनिअर लोकांची जुनीच खोड. काही गाड्यांत ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतात, त्यांची तऱ्हा वेगळी. तेही तिथेच कळतं.

आतली भुकटी फुंकायची नाही, हवाही मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आपल्यात नसेलच असं धरून चालू नये. क्लीनरने भिजवून पुसून घ्यायची.

स्प्रिंगांना हात लावण्याआधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा. हा तुमचा बॅकअप. आणि शू दोन्ही बाजूंचे बदलायचे असले, तरी एका वेळी एकच बाजू उघडा. गोंधळ झाला तर दुसरी बाजू उघडून बघता येते, फक्त ती आरशातल्यासारखी उलटी असते. डाव्या-उजव्या ॲडजस्टरची अदलाबदल करू नका, अनेक गाड्यांत त्यांचे आटे उलटसुलट असतात. ड्रम बाहेर असताना ब्रेक पेडल कुणालाही दाबू देऊ नका. व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतील आणि शनिवारचा रविवार होईल.

जोडणी झाली, की आधी शूचं अंतर ॲडजस्टरने जमवायचं. चाक फिरवल्यावर किंचित घासल्याचा आवाज यावा, एवढंच. हँडब्रेकच्या केबलकडे त्यानंतर वळायचं. हा क्रम उलटा केला तर आपण आणि ते गॅरेज सारखेच.

चाकाचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळायचे. गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबून बघायचं. मग रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात हळूहळू ब्रेक लावत नवे शू बसू द्यायचे. टेस्टिंग न करता घाटात जाणं म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनमध्ये कोड टाकणं :-)

आता कुठे थांबायचं तेही सांगतो. व्हील सिलिंडर ओला दिसला, ब्रेक ऑइल गळत असेल, ड्रमचा व्यास त्यावर कोरलेल्या कमाल मापापेक्षा वाढला असेल, तर पहिल्याच खेपेला पुढे जाऊ नका, मेकॅनिकला बोलवा. मागे डिस्क असतील आणि इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल, तर पिस्टन मागे घेण्याआधी गाडीला सर्व्हिस मोडमध्ये टाकावं लागतं. नुसत्या ताकदीने दाबलात तर मोटरची वाट लागू शकते.

माझ्या गाडीत सुदैवाने गळती नव्हती. तरी काम झाल्यावर कोपऱ्यावरच्या मेकॅनिककाकांकडे गाडी नेली. त्यांच्यासमोर एक चाक पुन्हा काढलं. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं, शू हलवून बघितले आणि म्हणाले, "साहेब, बसवलंय नीट. पण दोन तासांच्या कामाला दिवस घातला असणार." काका मनकवडे आहेत. सहा तास लागले होते.

त्यानंतर परत दिवे घाटात गेलो. चढावर गाडी थांबवून हँडब्रेक ओढला, पाय मात्र पेडलच्या वर तयार ठेवला. गाडी जागची हलली नाही. आई मागे झोपलेली होती.

असो. तुमच्या पुढच्या सर्व्हिसिंगला बिलात 'रिअर ब्रेक' अशी ओळ दिसली, तर एकच विचारा: "ड्रम उघडला होता का? मला दाखवता?" स्वतः कधी उघडून पाहिला असेल, तर समोरून आलेलं उत्तर खरं की खोटं ते तुम्हाला कळेल.