‘कधी अटक झाली होती का?’

सरकारी नोकरीत निवड झाली की साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्यातला एक रकाना असा: कधी अटक झाली होती का? खटला चालला का? स्थानबद्ध होता का? न्यायालयाने दंड केला का? शिक्षा झाली का? अटक होऊन, खटला चालून जो निर्दोष सुटला, त्यालाही पहिल्या दोन प्रश्नांपुढे ‘हो’ लिहावं लागतं. या रकान्याचं समर्थन हैदराबादच्या सुलतान बाजारात नेऊन तपासावं असं मला वाटतं. तिथे ते फार वेळ टिकत नाही.

समर्थक म्हणतात, गल्ला ज्याच्या हाती द्यायचा त्याचा पूर्वेतिहास मालकाला कळायलाच हवा. कबूल. पण सुलतान बाजारातला साड्यांचा दुकानदार काय करतो बघा. तो माणूस ओळखीवर ठेवतो आणि ओळख देणाऱ्याला खोदून विचारतो: भानगड कसली होती, किती वर्षं झाली, आता कसा वागतो? दारू पिऊन गाडी चालवल्याचा दंड झालेल्याला तो टेम्पोची किल्ली देणार नाही, साड्यांच्या घड्या घालायला मात्र खुशाल बसवेल. छापील अर्जाला एवढी अक्कल नसते. त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं असतं, आणि ‘हो’ दिसलं की पुढचं कुणी वाचेलच याची खात्री नाही. म्हणजे मालकाच्या ज्या हक्काचा एवढा डांगोरा पिटला जातो, त्यातून मालकाला कळण्यासारखं फारसं काही हाती लागतच नाही.

‘कायदा मोडलाच नसता तर ही वेळ आली नसती’, हे दुसरं समर्थन. या शहरात किरकोळ गुन्ह्यांसाठी आजही जो हैदराबाद शहर पोलीस कायदा लावतात, तो १३४८ फसलीचा आहे. फसली सनात ५९० मिळवा, म्हणजे १९३८-३९. नेमक्या त्याच काळात, २४ ऑक्टोबर १९३८ रोजी, निजामाविरुद्ध हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थांसह कित्येक जण तुरुंगात गेले. पुढच्याच वर्षी आर्य समाजाचा सत्याग्रह झाला. हैदराबादेत त्या समाजाचं घर १८९२ पासून सुलतान बाजारातच. ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थी काढून टाकले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडलं. त्या पोरांपैकी एक, पी. व्ही. नरसिंह राव, पुढे पंतप्रधान झाले. नागपूरकरांनी काढून टाकल्याचा शेरा वाचला आणि त्यामागचं कारणही वाचलं. पुढे स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देताना सरकारनेच तुरुंगवासाचा दाखला मागितला. एका खिडकीवर जो कागद पात्रतेचा, तोच दुसऱ्या खिडकीवर अपात्रतेचा!

यावर कुणी फणकाऱ्याने म्हणेल, सत्याग्रही आणि फुटपाथवर मारामारी करणारा पोरगा एकाच तागडीत तोलता काय? मी कुठे तोलतो? तोलतो तो रकाना. ‘अटक झाली होती का?’ या प्रश्नाला दोघांचं उत्तर एकच आहे. तेलंगण आंदोलनात खटले अंगावर घेतलेल्या विद्यार्थ्यांचंही तेच.

आता दुसऱ्या बाजूच्या शहाण्यांकडे वळतो. त्यांचे सल्ले मला समर्थकांइतकेच घातक वाटतात. ‘लिहूच नकोस, कोण बघतंय?’ हा त्यातला लाडका. २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माहिती खरीच द्यावी लागेल, दडवली तर नेमणूक रद्द होऊ शकते. तरुणपणी घोषणा देण्यासारखा क्षुल्लक गुन्हा असेल, तर दडवणुकीकडे काणाडोळा करण्याची मुभा न्यायालयाने दिली, पण ती मालकाला. उमेदवाराला नाही. त्याच निकालात असंही आहे की सगळं खरं सांगितलं तरी नेमणूक केलीच पाहिजे अशी सक्ती मालकावर नाही. दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात २०११ साली याच न्यायालयाने, तरुणांच्या लहानसहान चुका पोटात घालाव्यात, जन्मभराचा शिक्का मारू नये, असं म्हटलं होतं. हे सारं एकत्र वाचलं की चित्र असं दिसतं: खोटं बोलणारा सापडला तर बुडतो, आणि खरं बोलणाऱ्याला संरक्षण कसलंच नाही.

दुसरा सल्ला न्यायालयाच्या आवारात मिळतो: ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो.’ मोकळा? गुन्हा कबूल करून भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी. हजार रुपयांची असली तरी ती दोषसिद्धीच. उलट तडजोडीस पात्र असलेला खटला फिर्यादीशी रीतसर तडजोड करून मिटवला, तर कायद्याने तो निर्दोष सुटल्यासारखा धरला जातो. दुपार वाचावी म्हणून पोरं पहिला रस्ता धरतात. दुसरा आहे हे त्यांना सांगायला कुणाला वेळ नसतो.

मग हवं काय? ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने जुनी शिक्षा ठरावीक मुदतीनंतर ‘सरली’ असं धरतात. प्रौढाला झालेला साधा दंड आज तिथे वर्षभरात सरतो. अमेरिकेत हवाई राज्याने १९९८ साली मालकांना बंधन घातलं: आधी नोकरी देऊ करा, पूर्वीची शिक्षा मग विचारा. आपल्याकडे जुना गुन्हा मागे टाकण्याचं हे तत्त्व अगदीच परकं नाही. बालन्याय कायद्याच्या कलम २४ मध्ये अल्पवयीन मुलांपुरतं ते आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर पाच हजार रुपयांखालच्या पहिल्या चोरीला, माल परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. न्यायालयाच्या हुकमावरून रुग्णालयाची फरशी पुसलेला तरुण उद्या त्याच रुग्णालयात सफाई कामगाराच्या जागेसाठी अर्ज करील, तेव्हा तो रकाना त्याची वाट पाहत असेल!

प्रौढांसाठीही असा कायदा झाला पाहिजे. अटक आणि निर्दोष सुटका विचारायचीच नाही. विचारायची ती दोषसिद्धी, तीही निवडीनंतर, मुदतीच्या आतली आणि त्या कामाशी संबंध असलेली. मुलांचा सांभाळ, बंदूक, मोठी रोकड अशा कामांना मुदत लांब ठेवा, माझी हरकत नाही.

तोवर, ज्यांच्या नावावर असा एखादा जुना खटला आहे त्यांनी निकालाची प्रमाणित प्रत काढून जवळ ठेवावी, रकान्यात खरं तेच लिहावं आणि सोबत ती प्रत जोडावी. आणि अर्ज छापणाऱ्यांनी ‘हो’च्या पुढे निदान चार ओळींची जागा सोडावी. त्याला संसदेची परवानगी लागत नाही.