नवशिका चालक आणि जुनी ‘एसयूव्ही’

बारावीचा निकाल आणि अठरावा वाढदिवस यांच्या आगेमागे शहरांतील मध्यमवर्गीय घरांत हल्ली एक ठरलेली चर्चा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला महाविद्यालयात जाण्यासाठी वाहन हवे असते, दुचाकीची पालकांना धास्ती वाटते आणि नव्या लहान मोटारीच्या किमतीत सात-आठ वर्षे वापरलेली भरभक्कम ‘एसयूव्ही’ दलालाच्या आवारात उभी दिसते. ‘पत्रा जाड आहे, ठोकली तरी आतल्याला काही होणार नाही’, असा युक्तिवाद घरातील कोणी वडीलधारे करतात, विक्रेता त्याला तत्परतेने दुजोरा देतो आणि व्यवहार ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील ‘जीएसटी’ २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने हा हिशेब थोडाफार बदलला. उंच, रुबाबदार गाडीचे आकर्षण मात्र कमी झालेले नाही.

मुळात अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी हा प्रश्न उपस्थितच होऊ नये. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीपुरता असतो. तरीही १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असलेल्या, नोंदणीही पूर्ण न झालेल्या पोर्शे मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर देशभर संताप व्यक्त झाला. त्या गदारोळात २०१९ साली मोटार वाहन कायद्यात समाविष्ट झालेले कलम १९९ अ पुन्हा लोकांसमोर आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ‘सोसायटीच्या आवारातच तर शिकतोय’ म्हणून किल्ली हाती देणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचून ठेवावे.

आता पत्र्याच्या जाडीविषयी. या समजुतीत सत्याचा अंश नाही असे नाही. दोन वाहनांच्या टकरीत जड वाहनातील प्रवासी तुलनेने सुरक्षित राहतात, हे पदार्थविज्ञान आहे. अमेरिकेत सोळा-सतरा वर्षांची मुले सर्रास मोटार चालवतात. तेथील विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी महामार्ग सुरक्षा संस्था नवशिक्या मुलांसाठी योग्य अशा जुन्या मोटारींची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीत अगदी चिमुकल्या मोटारींना स्थान नसते, हे खरे. परंतु अतिशक्तिशाली इंजिनाच्या गाड्या आणि मोठ्या आकाराच्या ‘एसयूव्ही’ही त्यातून वगळलेल्या असतात. त्या आवरायला कठीण असतात आणि थांबायला अधिक अंतर घेतात, हे त्यामागचे कारण. आपल्याकडे ‘जितकी मोठी तितकी सुरक्षित’ या एकाच सूत्रावर निर्णय होतो.

शिवाय वजन आणि मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ग्लोबल एनकॅप’ने मे २०१६ मध्ये जाहीर केलेल्या चाचण्यांत एअरबॅग नसलेल्या महिंद्र स्कॉर्पिओला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले होते. रस्त्यावर जिच्या केवळ दर्शनाने समोरचा बाजूला होतो, तिची ही स्थिती! पुढच्याच वर्षी रेनॉ डस्टरच्या एअरबॅगविरहित प्रकाराला शून्य, तर चालकापुरती एअरबॅग असलेल्या प्रकाराला तीन तारे मिळाले. सांगाडा तोच, नावही तेच, फरक प्रकाराचा. नंतरच्या काळात देशी उत्पादकांनी चित्र पालटले. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवले आणि २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन या सर्वस्वी नव्या गाडीनेही. मात्र २०२२ चे तारे २०१४ च्या स्कॉर्पिओला लागू होत नाहीत. जुन्या बाजारात हा घोळ सर्रास घातला जातो.

म्हणूनच जुनी ‘एसयूव्ही’ निवडताना किलोमीटर आणि रंग यांच्याआधी उत्पादनाचा महिना व वर्ष पाहिले पाहिजे. १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना ‘एबीएस’ ब्रेक अनिवार्य झाले. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा इशारा आणि वेगाची सूचना देणारा भोंगा सक्तीचा झाला. हा भोंगा ताशी ८० किलोमीटरला अधूनमधून, तर १२० ला अखंड वाजतो. अठरा वर्षांच्या चालकाबरोबर पालक प्रत्येक वेळी नसतात, त्यामुळे त्याचे मोल विशेष. १ ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेलांनाही समोरासमोरच्या टकरीच्या चाचणीचा निकष लागू झाला. त्यापूर्वीची गाडी घ्यायचीच असेल तर केवळ मॉडेलचे नाव ऐकून समाधान मानू नये. त्या काळी मूळ प्रकारात एअरबॅग नाही आणि वरच्या प्रकारात दोन ते सहा, अशी सरसकट पद्धत होती. मागच्या काचेजवळचे प्रकारदर्शक चिन्ह पाच-पन्नास रुपयांत बदलून मिळते. त्यामुळे चेसिस क्रमांकावरून अधिकृत सेवाकेंद्रात मूळ प्रकाराची खातरजमा करणे बरे.

उंच गाडीचा खरा दोष वळणावर दिसतो. चाकांमधील रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की गाडीच्या स्थैर्याचा एक अंक मिळतो. सर्वसाधारण मोटारींचा हा अंक १.३ ते १.५ असतो, तर ‘एसयूव्ही’सारख्या उंच वाहनांचा १ ते १.३. अंक जितका कमी, तितकी उलटण्याची शक्यता अधिक. अचानक कुत्रे आडवे आले, नवशिक्याने घाबरून सुकाणू एका बाजूला ओढले आणि लगेच दुसऱ्या बाजूला फिरवले, की टपावर सामान आणि मागे चार मित्र असलेली गाडी सावरणे अनुभवी हातांनाही अवघड जाते. याला उतारा आहे तो स्थैर्य नियंत्रण प्रणालीचा, म्हणजे ‘ईएससी’ अथवा ‘ईएसपी’चा. गाडी घसरू लागताच ती एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावते. या प्रणालीमुळे एकट्या वाहनाच्या प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे निम्म्याने घटतो, असे अमेरिकेतील अभ्यास सांगतात. तेथे २०१२ च्या मॉडेलांपासून ती सक्तीची आहे. आपल्याकडच्या त्या काळातील गाड्यांत ती वरच्या प्रकारांपुरतीच होती. एक्सयूव्ही ५०० चे वरचे प्रकार हे त्याचे उदाहरण. सनरूफवर आणि मोठ्या पडद्यावर हुरळण्यापेक्षा ही एक कळ शोधावी.

या साऱ्या चर्चेत गाडीबाहेरचा माणूस सहसा नसतोच. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोक मृत्युमुखी पडले. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते. पावणेदोन टनांच्या उंच नाकाडाची धडक दुचाकीस्वाराला वा पादचाऱ्याला जिथे बसते, ती जागा छाती-पोटाची असते. त्यातच जुन्या ‘एसयूव्हीं’ना हौसेने लावलेले लोखंडी ‘बुलबार’ भर घालतात. पादचाऱ्यांना घातक म्हणून केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये त्यांवर बंदी घातली. ते टकरीचा धक्का वेगळ्या मार्गाने नेत असल्याने एअरबॅग उघडण्याच्या वेळेतही गडबड होऊ शकते. विक्रेत्याने ‘फुकटात दिलेला’ हा दागिना ताब्यात घेण्यापूर्वीच उतरवून घ्यावा.

खर्चाची बाजू थोडक्यात. टायरच्या बाजूवरील चार आकडी क्रमांकात उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक झालेले असते. जनरल मोटर्सने २०१७ अखेर येथील विक्री थांबवली आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा कंपन्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात, पण सेवाकेंद्र जवळपास आहे का, हे आधी पाहावे. पंधरा वर्षे पूर्ण होत आलेल्या गाडीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्येच ६०० वरून ५ हजार रुपयांवर गेले, शिवाय हरित कर वेगळा. परराज्यातील गाडी असेल तर ना हरकत प्रमाणपत्राविना पैसे देऊ नयेत. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर नेणे. चेसिसवरचे वेल्डिंग त्याच्या नजरेतून सुटत नाही.

राहता राहिला मागच्या आसनांचा प्रश्न. जुन्या ‘एसयूव्हीं’त शेवटी समोरासमोर दोन आडवी बाकडी असतात आणि अनेकींत तेथे पट्टेच नसतात. सिंहगडाला किंवा लोणावळ्याला निघालेली मित्रमंडळी नेमकी तिथेच दाटीवाटीने बसतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागे बसलेल्या मिस्त्री यांनी पट्टा लावलेला नव्हता आणि ती गाडी महागडी, सर्व सुरक्षा साधनांनी सज्ज होती. अमेरिकेतील राज्यांनी नवशिक्या मुलांना टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत स्वीकारली आहे. पहिले काही महिने रात्री वाहन चालवण्यावर आणि सोबत किती समवयस्क बसवावेत यावर तेथे बंधन असते. आपल्याकडे शिकाऊ परवान्यानंतर तीस दिवसांनी चाचणी देता येते आणि ती उत्तीर्ण होताच मध्यरात्रीच्या द्रुतगती मार्गासह सारे काही खुले होते. मधला टप्पा घालण्याचे काम तूर्त पालकांनाच करावे लागते: बाकडी काढून टाकावीत, पहिले सहा महिने रात्री दहानंतर किल्ली घरात राहावी आणि वर्षभर सोबत एकच मित्र असावा. शिकाऊ परवान्यावर शेजारी पक्का परवानाधारक नसताना गाडी बाहेर निघाली आणि कोणी दगावले, तर न्यायालयाच्या आदेशाने विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करू शकते, आणि जुन्या गाडीचा मालक म्हणून आरसी बुकात बहुधा वडिलांचेच नाव असते.