नऊ जणांचं काय?

खूप दिवसांपासून हा विषय डोक्यात घोळतोय. आमच्या घरातली बरीच मंडळी हे वाचतात, त्यामुळे काही जण रागावतील हे धरूनच चाललोय. आत्या तर नक्कीच. पण आत्या, शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर!

विषय असा की, रोजच्या जगण्यात ख्रिस्ती असणं म्हणजे नेमकं काय? रविवारी चर्चला जाणं, नाताळात घराला चांदणी लावणं, जेवणाआधी प्रार्थना करणं, हे सगळं आलंच. ते आम्ही करतोच. पण सोमवार ते शनिवार काय? जळगावच्या बाजारात, भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर, धुळ्याच्या एसटीत, भाडेकरू ठेवताना, मजुराला पैसे देताना, पोराचं लग्न ठरवताना आपली श्रद्धा कुठे असते?

आमच्याकडे गेली दोन वर्षं एक मुलगा राहतोय. धडगावकडचा, पावरा समाजातला. इथे विद्यापीठात शिकतो. त्याला कुठे खोली मिळेना, आमची मागची खोली रिकामीच होती, म्हणून तो आला. वीजबिलाचा वाटा देतो, भाडं आम्ही घेत नाही. होळीला गावी जातो, कारण सातपुड्यात होळी हाच सगळ्यात मोठा सण. परत येताना आमच्यासाठी आमचूर आणतो. आम्ही जेवणाआधी प्रार्थना करतो तेव्हा तो गप्प बसतो आणि मग सगळ्यांच्या आधी भाकरीला हात घालतो :)

आता गंमत बघा. चर्चमधले एक ज्येष्ठ गृहस्थ दर दोन महिन्यांनी विचारतात, "काय, तो पोरगा येतो का प्रार्थनेला? नाही? मग काय उपयोग?" आणि शेजारचे काका, जे मनाने अगदी चांगले आहेत, तेही एकदा हळूच म्हणाले, "भाऊ, खरं सांगा, त्याला तुमच्यात घेणार ना?"

दोघांचा प्रश्न एकच आहे, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. एकाला वाटतं, मुलगा ख्रिस्ती झाला नाही तर खोली फुकट गेली. दुसऱ्याला वाटतं, तो होणारच, म्हणून तर खोली दिली. खोली नुसती खोली असू शकते, एखाद्याला डोक्यावर छप्पर हवं होतं आणि ते आपल्याकडे होतं, एवढंच असू शकतं, हे दोघांनाही पटत नाही. चांगुलपणा म्हणजे एक व्यवहार आहे आणि त्याची पावती कुठेतरी फाडली जाणारच, हे दोघांनी गृहीत धरलंय.

मला हे मान्य नाही. आणि ते मान्य नसण्याचं कारण मला शुभवर्तमानातच सापडतं.

लूककृत शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. येशूने दहाही जणांना बरं केलं. परत येऊन देवाचा गौरव करणारा आणि आभार मानणारा निघाला एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशूने विचारलं. या गोष्टीवर मी लहानपणापासून डझनभर प्रवचनं ऐकलीत आणि सगळ्यांचा भर त्या एकावर. तो ठीकच आहे. पण त्या नऊ जणांचं पुढे काय झालं? काहीच नाही झालं. ते बरेच राहिले! आभार मानले नाहीत म्हणून कुणाच्या अंगावर डाग परत उमटले नाहीत. येशूला वाईट वाटलं असेल, तसं तो बोललाही, पण दिलेलं त्याने काढून घेतलं नाही.

माझ्या मते आपल्या रोजच्या श्रद्धेची कसोटी त्या नऊ जणांपाशी आहे. एकाशी चांगलं वागणं सोपं असतं.

आणि यासाठी फार लांब जायची गरज नाही. आपल्या खानदेशाशी जोडलेलंच उदाहरण आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, १८९० साली धरणगावला जन्मले. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, त्यात अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी या सतरा वर्षांच्या पोराला 'बालकवी' म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. एवढं शाळेत सगळेच शिकतात. पण हा धरणगावचा ब्राह्मण मुलगा पुढे काही काळ नगरला कुणाच्या घरी राहिला? रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या! बाटलेल्यांच्या घरी, असंच तेव्हाचे लोक म्हणत असणार. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले होते आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला, ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको.

त्या घरात ठोंबरे मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईची माया केली, आणि त्याच्या आठवणी त्यांनी पुढे लिहिल्याही. आणि ठोंबरे ख्रिस्ती झाला का? नाही. तो कविता करत राहिला. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून तो गेला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. वर्षभरानेच, ९ मे १९१९ ला, टिळक गेले.

आता आमच्या चर्चमधल्या गृहस्थांच्या हिशोबाने टिळकांचा तो सगळा काळ 'फुकट' गेला म्हणायचा. एवढा मोठा ख्रिस्ती कवी, एवढा बोलका धर्मोपदेशक, आणि स्वतःच्या घरात राहणारा मुलगासुद्धा चर्चमध्ये आणता आला नाही! पण आज शंभर वर्षांनंतर ते घर आठवताना कुणाच्याही मनात हा हिशोब येतो का? उलट, त्या घराबद्दल आदर वाटतो तो यासाठीच की तिथे माया होती आणि तिला अट नव्हती.

कुणी म्हणेल, टिळक मऊ होते, मवाळ होते. मुळीच नाही. त्यांनी ख्रिस्ताबद्दल उघडपणे लिहिलं, अभंग रचले, कीर्तनं केली, 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं, जे पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे लोक एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. म्हणजे बोलायला ते घाबरत नव्हते. फक्त त्यांनी माया आणि मतपरिवर्तन यांची गाठ मारली नाही.

हेच लक्ष्मीबाईंच्या बाबतीत. त्यांचे वडील इतके सोवळे की बाजारातून आलेली वस्तू धुवून घेतल्याशिवाय घरात घेत नसत. अशा घरातली ही मुलगी. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्या तरी सोवळं सोडलं नाही, स्वतःचा स्वयंपाक, पाणी वेगळं. टिळकांनी सक्ती केली नाही. मग जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलाय, हे त्यांचं त्यांनाच पटलं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी घ्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी पाण्याचा तांब्या, मग बाप्तिस्म्याचं पाणी.

आणि इथे, आत्या, तुझा राग येणारा भाग सुरू होतो.

लक्ष्मीबाईंनी पाण्याचा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवला. आपण लग्नाचा प्रश्न अजून सोडवलेला नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत स्थळ आलं की पगार, शिक्षण, चर्च विचारून झालं की आवाज खाली करून एक प्रश्न येतोच : "मूळचे कोण?" तीन पिढ्या झाल्या, आजोबा नगरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी भुसावळला आले त्यालाही सत्तर वर्षं झाली, तरी तो प्रश्न जात नाही. नवापूरकडचं मावची समाजातलं चांगलं शिकलेलं स्थळ आलं तर आपल्यातलेच काही जण "आपल्यात बसत नाही" म्हणून मोकळे होतात. रविवारी मात्र एकाच भाकरीतून आणि एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायचं!

मला वाटतं, बाहेरचे लोक आपल्याबद्दल काय म्हणतात याची आपण जेवढी काळजी करतो, तेवढी या एका प्रश्नाची केली तर बरं होईल. धर्म बदलला की जात सुटते, असं आपण जगाला सांगत आलो. तो शब्द आपल्याच स्वयंपाकघरात खरा ठरायला हवा.

नवापूरचा विषय निघालाच आहे तर चिंचपाड्याचं सांगतो. तिथलं ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासून आहे. तेव्हा तो सगळा भाग पश्चिम खानदेश होता, नंतर धुळे जिल्हा, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. सरकारी नकाशे बदलले, पण ताप, सर्पदंश, अडलेली बाळंतीण हे काही बदललं नाही. चिंचपाड्यासारख्या ठिकाणी जो डॉक्टर रात्री दोन वाजता उठतो, त्याच्यासमोर दहापैकी नऊ जण असे असतात की जे बरे होऊन घरी जातात आणि पुन्हा कधी तोंड दाखवत नाहीत. तरी अकराव्यासाठी तो उठतो. ही माझ्या दृष्टीने खरी साक्ष. स्टेजवर उभं राहून माइकमध्ये दिलेली साक्ष त्यापुढे सोपी आहे.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो, आणि तो मी स्वतःलाही विचारतो. नुसतं चांगलं वागायचं तर त्यासाठी ख्रिस्ती कशाला असायला हवं? चांगलं तर सगळेच वागू शकतात. खरंय. अमळनेरला मास्तर असलेले साने गुरुजी कुणाकडून प्रेम शिकायला गेले नव्हते. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, ती याच साने गुरुजींनी उतरवून घेतली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. रविवारी ऐकायचं आणि सहा दिवस तुरुंगाच्या कामात ते उतरतं का बघायचं, हे आम्हा चर्चवाल्यांना किती ओळखीचं आहे! चांगुलपणावर आमचा मक्ता नाही आणि नसावाही.

पण माझ्यापुरतं उत्तर असं आहे. मी स्वभावाने काही फार उदार माणूस नाही. हिशोबी आहे, खानदेशी माणूस, केळीचा भाव आणि सोन्याचा भाव दोन्ही सकाळी बघणारा. मला पावती हवीच असते. कुणासाठी काही केलं की त्याने निदान ओळख तरी ठेवावी असं वाटतंच. ती अपेक्षा सोडायला मला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते मला येशू सांगतो. नऊ जण परत आले नाहीत तरी हात आखडू नकोस, असं. म्हणून मी ख्रिस्ती आहे. कुणी विचारलं तर हे मी लपवत नाही. त्या धडगावच्या मुलाने एकदा विचारलं होतं, तेव्हा त्यालाही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि अभ्यासाला गेला. मला ते पुरेसं वाटलं.

शिवाय मोठ्या गोष्टी रोज घडत नाहीत. रोज घडतं ते बारीकसारीक. शेतमजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नये, असं जुन्या करारात स्पष्ट लिहिलंय. कापूस वेचणाऱ्या बाईला "शनिवारी ये, एकदम देतो" म्हणताना हे आठवायला हवं. गणपतीची वर्गणी मागायला पोरं येतात तेव्हा तोंड वाकडं न करता दोन शब्द बोलता येतात. शेजारच्या घरून दिवाळीचा फराळ आला की तो खावा की नाही यावर वाद घालणाऱ्यांनी करिंथकरांस पहिलं पत्र पुन्हा एकदा वाचावं. पौलाला त्या खाण्यापेक्षा शेजारी बसलेल्या माणसाच्या मनाची काळजी जास्त होती.

असो. फार लांबलं. पुढच्या वर्षी आमचा मुलगा शिकून जाईल (बघा, 'आमचा' असंच येतं तोंडात). कदाचित सणासुदीला फोन करेल, कदाचित नाही. खोली रिकामी झाली की दुसऱ्या कुणाला तरी द्यायची, एवढं आमच्या सौ.चं आणि माझं ठरलंय. यावेळीही विचारणारे विचारतीलच.

आणि आत्या, धाकट्याच्या स्थळाचं बोलायला तू येणार आहेस ना, तेव्हा पगार विचार, स्वभाव विचार, हवं तर चर्चही विचार. तो चौथा प्रश्न मात्र आपल्या घरात नको.