बैठकीनंतरची बैठक

मैत्रिणींनो, तुमच्या बचत गटाची बैठक किती वेळ चालते? तुम्ही म्हणाल, तासभर. आमची मात्र दोनदा भरायची. एकदा आत सतरंजीवर आणि एकदा बाहेर, चपला घालताना!

सतरंजीवर सगळ्या कशा गोड! "तुम्ही म्हणाल तसं ताई," "माझं काही म्हणणं नाही." आणि दाराबाहेर पडलं की तोंडं उघडायची. "तिला बरं लगेच कर्ज मिळालं!" "अध्यक्षबाईंची जाऊ ना ती!" मीही या दुसऱ्या बैठकीची जुनी सभासद. म्हणून तर हे लिहितेय.

आमच्या गटात आम्ही १२ जणी. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीने मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी १०,००० रुपये मागितले. बैठकीत कुणी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बघू पुढच्या महिन्यात." बाहेर मात्र कुजबुज सुरू. हिचे मागचे दोन हप्ते चुकलेत, हिला कसं द्यायचं? ते हप्ते नवऱ्याच्या आजारपणात चुकले होते आणि नंतर तिने ते भरलेही होते. मला हे ठाऊक होतं, शेजारीणच ना मी! पण मी गप्प बसले. उगाच वाईटपणा कोण घेणार?

पुढच्या बैठकीला ती आलीच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग कळलं, तिने सावकाराकडून शेकडा पाचने पैसे उचलले. आमच्या गटाचा दर दोन टक्के. म्हणजे महिन्याला ३०० रुपये जादा. आमच्या गप्प बसण्याची किंमत ती बिचारी मोजत होती.

बचत गट काही आता नवे नाहीत. नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, त्याला तीस वर्षं उलटून गेली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. पण मोकळं बोलायचं कसं, हे मात्र त्यात नाही. गट लहान, १० ते २० जणींचा. एकमेकींची ओळख हेच आपलं तारण. पण तीच ओळख तोंडही बांधते. उद्या नळावर भेटायचंय, हळदीकुंकवाला तिच्याच घरी जायचंय, मग समोर बोलायचं कसं?

शेवटी आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. चहा झाला. मग ती म्हणाली, "नाही म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं. मी कारण तरी सांगितलं असतं." मान वर करायची सोय राहिली नाही.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. कर्जाची मागणी आली की प्रत्येकीने पाळीपाळीने बोलायचं, सर्वांत नवी सभासद आधी आणि अध्यक्षबाई सगळ्यांत शेवटी. कारण त्या आधी बोलल्या की बाकीच्यांच्या माना आपोआप हलतात! जिच्याबद्दल बोलायचं, ती समोर असताना बोलायचं. नाही म्हणायचं तर कारणासकट, आणि ते इतिवृत्तात लिहून सर्वांना वाचून दाखवायचं.

पहिल्या दोन बैठकांत भांडणं झाली, खोटं कशाला बोलू? एक जण तर रुसून उठून गेली. पण पुढच्या महिन्यात परत आली. आपल्याबद्दल काय बोललं गेलं ते तिने कानांनी ऐकलं होतं, चौथ्या घरून नाही.

आमची शेजारीणही परत आली. गटाचं कर्ज घेऊन तिने सावकाराचे पैसे फेडले. मागचे गेलेले पैसे मात्र परत आले नाहीत. ते माझ्या मनातून जात नाहीत.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत "माझं काही म्हणणं नाही" असं ओठांवर आलं, तर क्षणभर थांबा. खरंच काही म्हणणं नाही, की ते चपला घालताना म्हणणार आहात?